कोंबड्या पकडण्याचे यांत्रिकीकरण

कोंबड्या पकडण्याचे यांत्रिकीकरण म्हणजे शेडमध्ये वाढवलेले पक्षी विक्रीसाठी किंवा कत्तलखान्याकडे पाठवताना त्यांना जमिनीवरून उचलणे, शेडबाहेर नेणे, मोजणे आणि क्रेटमध्ये भरणे ही कामे पूर्णतः किंवा अंशतः यंत्राच्या साहाय्याने करणे होय. ही यंत्रे मुख्यतः मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या ब्रॉयलर कोंबड्यांसाठी वापरली जातात. त्यांचा विकास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप व अमेरिकेत झाला. तेथील अनेक मोठ्या फार्मवर ती नियमित वापरात आहेत. भारतात मात्र हे काम बहुतांशी हातानेच केले जाते.

ब्रॉयलर कोंबडीच्या पाच ते सात आठवड्यांच्या आयुष्यात पकडण्याची क्रिया काही क्षणांचीच असते. तथापि पंख मोडणे, खुबा निखळणे, मुका मार लागून रक्त साकळणे अशा अनेक इजा याच वेळी आणि लगेच नंतरच्या भरणीत होतात. हे काम करणाऱ्या माणसांसाठीही ते शेतीव्यवसायातील अत्यंत कष्टाच्या कामांपैकी एक आहे. त्यामुळे या यंत्रांचे मूल्यमापन पक्ष्याला होणारी इजा, कामगाराचे आरोग्य आणि उत्पादनखर्च अशा तिन्ही बाजूंनी केले जाते. संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. यंत्र हाताहून सरस ठरते की नाही, हे यंत्राच्या बनावटीइतकेच ते चालवणाऱ्यांच्या कौशल्यावर आणि शेडच्या रचनेवर अवलंबून असल्याचे त्यांतून दिसते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोंबड्या पाळणे हा बहुतेक ठिकाणी शेतीचा जोडधंदा होता. दहा-वीस कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरल्या की हव्या त्या हाताने काढून घेता येत. मांसासाठी जलद वाढणाऱ्या जाती तयार झाल्यावर हजारो पक्षी एकाच शेडमध्ये, भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरलेल्या गादीवर, मोकळे वाढवण्याची पद्धत रूढ झाली. खाद्य, पाणी, तापमान आणि वायुवीजन यांची व्यवस्था हळूहळू स्वयंचलित झाली. कत्तलखान्यातील कामेही यंत्रांकडे गेली. या दोन टोकांच्या मधला टप्पा, म्हणजे पक्षी शेडमधून उचलून गाडीत भरणे, दीर्घकाळ माणसाच्या हातांवरच अवलंबून राहिला.

याचे मुख्य कारण पक्ष्याच्या स्वभावात आणि शरीररचनेत आहे. धान्य किंवा फळे एका जागी स्थिर असतात. कोंबडी हलते, घाबरते, पंख फडफडवते आणि घाबरल्यास इतरांच्या अंगावर चढते. अशा वेळी शेडच्या कोपऱ्यात पक्ष्यांचा ढीग होऊन खालचे पक्षी गुदमरून मरतात. एकाच बॅचमधील पक्ष्यांचे आकारमानही सारखे नसते. सजीव, नाजूक आणि अनिश्चित हालचाली करणारी वस्तू न दुखावता उचलणे हे यंत्रासाठी अवघड काम आहे.

हाताने पकडण्याची पद्धत

हाताने पकडण्याचे काम बहुधा रात्री किंवा पहाटे, मंद प्रकाशात केले जाते, कारण अंधारात कोंबड्या शांत बसून राहतात. अनेक ठिकाणी निळ्या रंगाचा मंद दिवा वापरतात. या प्रकाशात कोंबडीला नीट दिसत नाही, पण माणसाला काम करण्यापुरते दिसते. पकडण्यापूर्वी काही तास पक्ष्यांचे खाद्य बंद केले जाते. खाद्य बंद केल्यापासून कत्तलीपर्यंतचा काळ साधारणतः ८ ते १२ तासांचा ठेवतात, जेणेकरून आतडी रिकामी राहतात आणि मांस दूषित होण्याचा धोका कमी होतो. पाणी मात्र शक्य तितक्या उशिरापर्यंत सुरू ठेवले जाते.

सर्वाधिक प्रचलित रीतीत कामगार वाकून पक्ष्याचा एक पाय धरतो आणि एका हातात तीन-चार पक्षी उलटे लटकवून क्रेटपर्यंत नेतो. कोंबडीला श्वासपटल नसते. उलटे टांगल्यावर आतील अवयवांचा भार फुप्फुसांवर व वायुकोशांवर पडतो आणि श्वास घेणे कठीण होते. एका पायावर सगळा भार आल्यास खुब्याचा सांधा निखळू शकतो. सुटण्यासाठी पंख फडफडवताना ते क्रेटच्या कडेवर आदळून मोडतात.

दोन्ही पाय धरून उचलणे किंवा दोन्ही हातांनी पंखांसह शरीर धरून सरळ उचलणे या तुलनेने सौम्य रीती आहेत. नॉर्वेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्ही पाय धरून आणि पोटाखाली हात घालून सरळ उचलण्याच्या रीतींची तुलना करण्यात आली. सरळ उचललेल्या पक्ष्यांत पंख मोडण्याचे प्रमाण कमी आढळले. सौम्य रीतीला फार वेळ लागतो, हा सर्वसाधारण समजही या अभ्यासाने खरा ठरवला नाही.

कामगारांवरील परिणाम

या कामाचे स्वरूप साध्या हिशेबातून स्पष्ट होते. एका शेडमध्ये २०,००० पक्षी असून प्रत्येकाचे वजन २ किलोग्रॅम असेल, तर एका रात्रीत एकूण ४० टन वजन उचलावे लागते. टोळीत आठ जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ५ टन येतात, आणि हे सर्व वजन गुडघ्याच्याही खालून, वाकून उचलायचे असते. अनेक टोळ्या एकाच रात्रीत एकाहून अधिक शेड रिकामे करतात.

शेडमधील हवेत गादीची धूळ, पिसांचे कण आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया असतो. पक्षी हलू लागले की धूळ अधिकच उडते. पाठदुखी, मनगटाचे व बोटांचे विकार, श्वसनाचा त्रास, डोळ्यांची जळजळ आणि नख्यांचे ओरखडे या कामगारांच्या नेहमीच्या तक्रारी होत. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कोंबड्या पकडणाऱ्या लॅटिन अमेरिकी स्थलांतरित कामगारांच्या मुलाखती घेऊन २०१३ मध्ये या धोक्यांची नोंद प्रसिद्ध केली.

रात्रीचे काम, फिरती टोळी आणि मुकादमामार्फत मिळणारी मजुरी यांमुळे हे कामगार कायद्याच्या संरक्षणापासून सहज दूर राहतात. अमेरिकेत त्यांना शेतमजूर मानावे की औद्योगिक कामगार, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, कारण शेतमजुरांना संघटना करण्याच्या राष्ट्रीय कायद्याचे संरक्षण नव्हते. ‘होली फार्म्स विरुद्ध राष्ट्रीय कामगार संबंध मंडळ’ या खटल्यातील टोळीत नऊ पकडणारे, एक फोर्कलिफ्ट चालक आणि एक मालमोटार चालक असे. १९९६ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने हे कामगार शेतमजूर नसून त्या कायद्याच्या संरक्षणास पात्र आहेत, हा मंडळाचा अर्थ ग्राह्य धरला. इंग्लंडमध्येही २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने कोंबड्या पकडण्याच्या कामावर आणलेल्या लिथुआनियन कामगारांच्या बाजूने, त्यांना राबवून घेणाऱ्या कंत्राटदाराविरुद्ध निकाल दिला. या कामगारांना लांबचा प्रवास, अपुरी झोप आणि थकलेली मजुरी सोसावी लागली होती.

कामगाराचा थकवा आणि पक्ष्याची इजा यांचा परस्परसंबंध आहे. रात्र सरत जाते तशी पकड सैल किंवा आडदांड होते, एका वेळी उचललेल्या पक्ष्यांची संख्या वाढते आणि पक्षी क्रेटमध्ये ठेवण्याऐवजी टाकले जाऊ लागतात. मजुरी नगावर ठरत असेल तर ही प्रवृत्ती आणखी बळावते. यांत्रिकीकरणाच्या प्रयत्नांमागे मजुरांची टंचाई हे जसे कारण होते, तसे हेही एक कारण होते.

इतिहास

यांत्रिकीकरणाची पहिली पायरी पकडण्याची नसून भरणीची होती. पूर्वी लाकडी किंवा प्लॅस्टिकचे सुटे पिंजरे एकेक करून गाडीवर चढवले जात. पुढे अनेक कप्पे असलेली मोठी धातूची चौकट वापरात आली. ही चौकट फोर्कलिफ्टने थेट शेडमध्ये नेता येते. त्यामुळे पक्षी हातात धरून शेडबाहेरच्या गाडीपर्यंत नेण्याची गरज उरत नाही. ब्रिटनमधील ‘अँग्लिया ऑटोफ्लो’ या कंपनीची ओढकप्प्यांची ‘ईझीलोड’ पद्धत या प्रकारातील परिचित उदाहरण आहे.

प्रत्यक्ष पकडण्यासाठी हवेच्या झोताने किंवा शोषणाने पक्षी ओढणे, जाळी वा पट्टा अंथरून तो पक्ष्यांसह ओढून घेणे, पक्ष्यांना हाकत पट्ट्यावर नेणे असे निरनिराळे मार्ग सुचवले गेले आणि आजमावले गेले. केटलवेल आणि टर्नर या ब्रिटिश अभियंत्यांनी १९८५ मध्ये पकडण्याच्या व वाहतुकीच्या तत्कालीन पद्धतींचा आढावा प्रसिद्ध केला. त्याच सुमारास इंग्लंडमधील सिल्सो येथील कृषी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत फिरत्या दांड्यांवर लवचीक रबरी बोटे बसवलेले प्रायोगिक यंत्र विकसित होत होते. पक्ष्याला चिमटीत न धरता बाजूंनी हळुवार लोटत पट्ट्यावर आणावे, हे या यंत्राचे तत्त्व होते. पुढे हेच तत्त्व अनेक व्यापारी यंत्रांनी स्वीकारले. डेन्मार्कमधील ‘चिकन कॅट’, इटलीतील ‘अपोलो’ आणि अमेरिकेतील ‘ई-झेड कॅच’ ही या क्षेत्रातील माहितीची नावे आहेत.

यंत्रांचे प्रकार व कार्यपद्धती

पक्षी उचलण्याच्या तत्त्वानुसार या यंत्रांचे दोन मुख्य प्रकार पडतात.

रबरी बोटांचे यंत्र : या स्वयंचलित वाहनाच्या पुढील बाजूस फिरणारे दंडगोल असतात आणि त्यांवर लांब, मऊ रबरी बोटांच्या रांगा बसवलेल्या असतात. यंत्र पक्ष्यांच्या कळपाकडे अतिशय सावकाश सरकते. परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दंडगोल पक्ष्यांना बोटांच्या मधल्या जागेत घेतात आणि चढत्या वाहक पट्ट्यावर ठेवतात. बोटे वाकणारी असल्यामुळे लहानमोठ्या आकाराचे पक्षी त्यांत सामावतात. दंडगोलांची गती यंत्राच्या पुढे सरकण्याच्या गतीशी जुळलेली असावी लागते. गती जास्त झाल्यास बोटे पक्ष्याला फटकारतात. कमी झाल्यास पक्षी यंत्रासमोर दाटतात.

रुंद पट्ट्याचे यंत्र : या प्रकारात बोटे नसतात. जमिनीलगत सरकणाऱ्या रुंद पट्ट्याची पुढील कड पक्ष्यांच्या पायांखाली जाते आणि पक्षी उभे किंवा बसलेले असतानाच पट्ट्यावर येतात. पक्ष्याच्या शरीराला फारसा स्पर्श होत नाही, हा याचा विशेष होय. मात्र त्यासाठी जमीन सपाट आणि गादी कोरडी असणे आवश्यक असते.

दोन्ही प्रकारांत पुढील टप्पे सारखेच असतात. पक्षी पट्ट्यांच्या मालिकेवरून यंत्राच्या मागील भागात येतात. तेथे त्यांची मोजणी होते किंवा वजन घेतले जाते. ठरलेली संख्या वा वजन पूर्ण झाल्यावर पट्ट्याचे टोक पुढच्या कप्प्याकडे वळते. भरलेली चौकट फोर्कलिफ्टने गाडीवर चढवली जाते. मोठ्या यंत्रांची क्षमता ताशी काही हजार पक्ष्यांची असते आणि त्यासाठी तीन ते पाच माणसे पुरतात. ही माणसे यंत्र चालवणे, पक्ष्यांना यंत्राकडे शांतपणे हाकणे, कप्पे बंद करणे आणि पट्ट्यावर अडकलेल्या पक्ष्याला सोडवणे ही कामे करतात. शेडचे कोपरे आणि भिंतीलगतच्या जागा यंत्राच्या आवाक्याबाहेर राहतात. तेथील पक्षी हातानेच पकडावे लागतात.

पक्ष्यांना इजा होण्याची शक्यता जेथे एक पट्टा संपून दुसरा सुरू होतो आणि जेथे पक्षी पट्ट्यावरून कप्प्यात उतरतो, अशा ठिकाणी अधिक असते. पट्ट्याचा चढ तीव्र असेल किंवा दोन पट्ट्यांच्या गतींत फरक असेल तर पक्षी तोल सावरण्यासाठी पंख पसरतो आणि पंख कडेला आदळतो. कप्प्याचे तोंड अरुंद असल्यास डोके किंवा पंख अडकतो. म्हणून यंत्राच्या रचनेत पकडणाऱ्या भागाइतकेच महत्त्व भरणीच्या भागाला दिले जाते.

शेडची आवश्यक रचना

यंत्र चालण्यासाठी शेडला रुंद व उंच दार आणि आत खांब नसलेली मोकळी जागा लागते. खाद्याच्या व पाण्याच्या नळ्या दोरखंडाने छताजवळ उचलून घेता येतील अशी सोय असावी लागते. शेडबाहेर फोर्कलिफ्ट व गाडी वळण्याइतकी पक्की जागा असावी लागते. ओल्या गादीत यंत्राची चाके रुततात आणि विष्ठेचा चिखल पट्ट्यांवर साचतो. यंत्र डिझेलवर चालणारे असल्यास धूर बाहेर जाण्यासाठी वायुवीजन सुरू ठेवावे लागते. जुन्या शेडमध्ये या गोष्टी नंतर करून घेणे खर्चाचे असते. म्हणून जेथे शेड नव्याने बांधले गेले तेथे ही यंत्रे अधिक सहजपणे स्वीकारली गेली.

पक्ष्यांवरील परिणाम

यंत्राने व हाताने पकडलेल्या पक्ष्यांवरील ताणाची तुलना करणारा आरंभीचा महत्त्वाचा अभ्यास इयान डंकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ‘ब्रिटिश पोल्ट्री सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी पकडल्यानंतर वाढलेले हृदयाचे ठोके पूर्ववत होण्यास लागणारा वेळ मोजला. भीतीचा दुसरा निकष म्हणून पक्षी निश्चल पडून राहण्याचा काळ पाहिला. घाबरलेली कोंबडी उताणी ठेवल्यास काही काळ मेल्यासारखी पडून राहते आणि भीती जितकी जास्त तितका हा काळ लांबतो. यंत्राने पकडलेल्या पक्ष्यांचे ठोके लवकर पूर्ववत झाले आणि निश्चलतेचा काळही कमी भरला. त्यामुळे अवजड यंत्र पाहून कोंबड्या माणसाहून अधिक घाबरत असतील, हा सहज वाटणारा तर्क मागे पडला. माणसाच्या हातात उलटे लटकणे हा कोंबडीसाठी अधिक भीतिदायक अनुभव असल्याचे या अभ्यासातून सूचित झाले.

पुढील काळात प्रत्यक्ष फार्मवर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र मिश्र आहेत. स्वीडनमधील १९९८ च्या एका पाहणीत यंत्राने पकडलेल्या बॅचमध्ये नाकारलेल्या पक्ष्यांचे प्रमाण हाताने पकडलेल्यांपेक्षा जास्त आढळले. जर्मनीतील क्निरिम आणि गोके यांच्या २००३ मधील अभ्यासात यंत्राने पकडलेल्या पक्ष्यांत इजा कमी दिसल्या. नेदरलँड्समधील २००५ च्या अभ्यासात ताणाशी संबंधित संप्रेरकाच्या प्रमाणात दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र वर्षाच्या काही काळात यंत्राने भरलेल्या गाड्यांत कत्तलखान्यात मृतावस्थेत पोहोचणाऱ्या पक्ष्यांचे प्रमाण जास्त होते.

या विसंगतीची काही कारणे सांगता येतात. हाताने पकडताना कामगार आजारी, लंगडा किंवा मेलेला पक्षी ओळखून बाजूला ठेवू शकतो. यंत्र असा भेद करत नाही. शेडमध्येच मेलेला पक्षी यंत्रातून कप्प्यात गेल्यास त्याची नोंद वाहतुकीतील मृत्यू म्हणून होते. म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी शेडमधून एक फेरी मारून असे पक्षी वेगळे काढणे आवश्यक मानले जाते. यंत्र नवे असताना चालकाचा सराव कमी असतो आणि त्या काळात इजा जास्त होतात. कप्प्यात मोजणी चुकून गर्दी झाल्यास उन्हाळ्यात उष्णतेने मृत्यू होतात. यांशिवाय तुलनेतील हाताची पद्धत किती काळजीने पाळली गेली, यावरही निष्कर्ष बदलतो. दमलेल्या टोळीशी तुलना केल्यास यंत्र सरस दिसते. प्रशिक्षित आणि पुरेशी विश्रांती मिळालेल्या टोळीशी तुलना केल्यास हा फरक कमी होतो किंवा उलटा होतो.

इजेचे प्रमाण टक्केवारीत लहान दिसले तरी संख्येत मोठे असते. २०,००० पक्ष्यांच्या शेडमध्ये एक टक्का पक्ष्यांचे पंख मोडले, तर ते २०० पक्षी होतात आणि त्यांना त्या वेदनेसह पुढील अनेक तासांचा प्रवास करावा लागतो. मोडलेला पंख व साकळलेले रक्त यांमुळे मांसाचा तो भाग टाकून द्यावा लागतो. म्हणून इजा टाळण्यात उत्पादकाचेही आर्थिक हित असते.

अंडी देणाऱ्या कोंबड्या व टर्की

अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा प्रश्न वेगळा आहे. अंड्याच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम दीर्घकाळ शरीरातून जात राहिल्यामुळे आणि पिंजऱ्यात हालचाल कमी असल्यामुळे त्यांची हाडे ठिसूळ झालेली असतात. उत्पादनकाळ संपल्यावर त्यांना पिंजऱ्याच्या अरुंद दारातून पाय धरून ओढून काढताना हाडे सहज मोडतात. ब्रिटनमधील ग्रेगरी आणि विल्किन्स यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पिंजऱ्यातील अशा कोंबड्यांपैकी २९ टक्के कोंबड्यांचे किमान एक हाड कत्तलीपूर्वीच मोडलेले आढळले. पिंजऱ्यांच्या रांगांतून पक्षी काढणे रबरी बोटांच्या यंत्राला शक्य नसते. येथे यांत्रिकीकरण रांगांमधून चालणारा वाहक पट्टा किंवा भरणीची ढकलगाडी एवढ्यापुरते मर्यादित राहिले आहे.

टर्की हा पक्षी ब्रॉयलरच्या कित्येक पट जड असल्यामुळे तो हाताने उचलणे माणसासाठीही धोक्याचे असते. मोठ्या फार्मवर टर्कींना उचलण्याऐवजी हाकत चढत्या पट्ट्यावर नेतात आणि पट्टा त्यांना गाडीतील कप्प्यांच्या पातळीपर्यंत पोहोचवतो.

जैवसुरक्षा

पकडणारी टोळी, यंत्र, क्रेट आणि गाडी एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर जातात. त्यामुळे त्यांच्यामार्फत रोगजंतू पसरू शकतात. शेडमधील काही पक्षी आधी काढून उरलेले आणखी काही दिवस वाढवण्याची पद्धत जेथे आहे, तेथे हा धोका विशेष असतो. अशा पहिल्या पकडीनंतर उरलेल्या पक्ष्यांत, माणसाला जुलाबाचा आजार करणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर या जीवाणूचा शिरकाव होण्याची शक्यता वाढते. यंत्रामुळे शेडमध्ये येणाऱ्या माणसांची संख्या कमी होते. परंतु पट्ट्यांच्या खाली, साखळ्यांमध्ये आणि रबरी बोटांच्या मुळाशी अडकलेली विष्ठा व पिसे काढणे कष्टाचे असते. प्रत्येक फार्मनंतर यंत्र धुऊन निर्जंतुक केले नाही, तर ते स्वतःच रोगाचे वाहक ठरते.

रोगाच्या साथीत पक्षी नष्ट करावे लागतात तेव्हा हाताने पकडणे माणसासाठी थेट धोक्याचे असते. भारतात कोंबड्यांमधील एच५एन१ बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात नवापूर येथे जाहीर झाला. त्या वेळी संरक्षक पोशाख घातलेल्या पथकांनी शेडमध्ये जाऊन पक्षी हाताने पकडून नष्ट केले. त्याच वर्षी अमेरिकेच्या कृषी विभागाने गादीवर वाढवलेल्या पक्ष्यांसाठी पाण्याच्या फेसाने शेड भरण्याच्या पद्धतीस सशर्त मान्यता दिली. या पद्धतीत पक्षी पकडावेच लागत नाहीत. मात्र फेसात पक्षी गुदमरून मरत असल्यामुळे प्राणीकल्याणाच्या दृष्टीने तिच्यावर टीकाही झाली आहे.

कायदेशीर तरतुदी

युरोपीय संघाच्या २००५ च्या प्राणी वाहतूक नियमावलीत प्राण्यांना डोके, कान, शिंगे, पाय, शेपटी किंवा लोकर धरून उचलण्यास वा ओढण्यास मनाई आहे. ही तरतूद पाय धरून उचलल्या जाणाऱ्या कोंबड्यांना कितपत लागू होते, यावर युरोपात वाद झाले आहेत. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये पिंजऱ्यातून वाहतूक होणाऱ्या पक्ष्यांविषयी दिलेल्या मतात पक्ष्यांना उलटे धरणे हा कल्याणाला बाधक घटक असल्याचे म्हटले आहे.

भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार कोणत्याही प्राण्याला अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने नेणे हा गुन्हा आहे. या कायद्याखालील १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत पुढे कोंबड्यांच्या वाहतुकीविषयी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट करण्यात आले. भारतीय विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये सादर केलेला २६९ वा अहवाल अंड्यांच्या व मांसाच्या कोंबड्यांची वाहतूक आणि संगोपन याच विषयावर असून त्यात नियमांचे मसुदे सुचवलेले आहेत.

भारतातील स्थिती

भारतात ब्रॉयलर उत्पादनाचा मोठा भाग करार पद्धतीने चालतो. कंपनी पिल्ले, खाद्य व औषधे पुरवते आणि शेतकरी स्वतःच्या शेडमध्ये पक्षी वाढवतो. वाढ पूर्ण झाल्यावर कंपनीने ठरवलेला व्यापारी गाडी व माणसे घेऊन येतो. व्यवसायात यास ‘लिफ्टिंग’ म्हणतात. पक्षी पकडून क्रेटमध्ये भरले जातात आणि फार्मवरच वजन करून गाडीवर चढवले जातात. बहुतेक पक्षी कत्तलखान्यात न जाता जिवंत अवस्थेतच किरकोळ दुकानांत पोहोचतात. तेथे विक्रीपर्यंत त्यांना पुन्हा एकदा किंवा अनेकदा हाताने उचलले जाते.

या व्यवस्थेत पकडण्याच्या यंत्राला फारसा वाव राहिलेला नाही. बहुतेक शेड दोन्ही बाजूंनी जाळीचे असून त्यांची दारे अरुंद असतात आणि अनेकांत आत खांब असतात. बॅच तुलनेने लहान असते. मागणीनुसार एकाच शेडमधून थोडे-थोडे पक्षी अनेक दिवस नेले जातात. यंत्राची किंमत भरून येण्यासाठी त्याला रोज मोठ्या संख्येने पक्षी मिळावे लागतात. मजुरीचे दर युरोपच्या तुलनेत कमी असल्यामुळेही गुंतवणुकीचे आकर्षण कमी राहते. तापमान नियंत्रित करता येणारे बंदिस्त मोठे शेड आणि यांत्रिक कत्तलखाने वाढल्यास ही स्थिती बदलू शकते.

यंत्र न आणताही काही सुधारणा शक्य आहेत. रात्रीच्या थंड वेळी मंद प्रकाशात पकडणे, एका हातातील पक्ष्यांची संख्या मर्यादित ठेवणे, दोन्ही पाय धरून किंवा सरळ उचलणे आणि क्रेट पक्ष्यांजवळ नेऊन उचलण्याचे अंतर कमी करणे या त्यांपैकी प्रमुख होत. मोडक्या कडांचे क्रेट बदलणे, पकडणाऱ्यांना मुखपट्टी व हातमोजे देणे आणि ठरावीक काळानंतर विश्रांती देणे यांचाही त्यांत समावेश होतो. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. ती धापा टाकून शरीराची उष्णता बाहेर टाकते. त्यामुळे महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात भरलेली गाडी उन्हात उभी न ठेवणे हे पकडण्याच्या रीतीइतकेच महत्त्वाचे ठरते.

मर्यादा व मूल्यमापन

यंत्राचा सर्वांत निर्विवाद लाभ कामगाराला होतो. वाकून उचलण्याचे वजन कमी होते आणि धुळीत काम करणाऱ्यांची संख्या घटते. त्याचबरोबर काही जणांचा रोजगार जातो आणि उरलेल्यांना यंत्र चालवण्याचे व दुरुस्त करण्याचे कौशल्य शिकावे लागते. मध्यरात्री यंत्र बंद पडल्यास पर्यायी टोळी उपलब्ध नसते आणि खाद्य बंद केलेले पक्षी अधिक काळ उपाशी राहतात.

पक्ष्याला होणारा लाभ अटींवर अवलंबून असतो. सौम्यपणे चालवलेले यंत्र त्याला उलटे लटकण्यापासून वाचवते. ताशी संख्या वाढवण्यासाठी वेगाने चालवलेले यंत्र तेच नुकसान अधिक वेगाने करते. म्हणून अनेक देशांत केवळ किती पक्षी भरले याची नोंद न ठेवता मृतावस्थेत पोहोचलेले पक्षी, मोडलेले पंख आणि मुका मार यांची मोजणी कत्तलखान्यात केली जाते आणि ती माहिती पकडणाऱ्या टोळीला किंवा यंत्रचालकाला कळवली जाते. पद्धत कोणतीही असो, पक्षी कोणत्या अवस्थेत पोहोचला हेच तिच्या यशाचे माप मानले जाते.

हे सुद्धा पहा

कुक्कुटपालन
बर्ड फ्लू
प्राणीकल्याण
कृषी यांत्रिकीकरण